चुकीशेजारची सही

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वायरिंग विभाग, लाइन क्रमांक तीन, शेवटचे तपासणी टेबल येथे काम करणाऱ्या सौ. निर्मला यांनी रजेचा अर्ज न भरता, कोणतीही पूर्वसूचना न देता आणि बसमधल्या शेजारच्या सीटवरच्या बाईचा निरोप न घेता कायमची सुट्टी घेतली आहे. त्यांच्या मागे एक राखून ठेवलेला पेपर, एक अर्धवट भांडण आणि स्टीलच्या डब्याचे एक झाकण राहिले आहे. सदर सूचना सर्वांनी वाचून खाली सही करावी. आदेशावरून.

कशी झाली, निमे? आवाज आपल्या सिक्युरिटी ऑफिसरचा लावलाय, मूठ माइकसारखी धरलीय. चाकणला जाणाऱ्या आपल्या कंपनीच्या बसमध्ये मी अशा सूचना द्यायचे तेव्हा अख्खी बस हसायची, ड्रायव्हरसुद्धा. पण मी बघायचे फक्त तुझ्याकडे. तू तोंडावर डबा धरलास की समजायचं, प्रयोग रंगला. आता ही सूचना मी कुणाकडे बघून देऊ, तेवढं सांग.

तुझी सीट अजून तशीच आहे. खिडकीची, डावीकडची, चौथी. नवीन बायका चढतात, तिथपर्यंत येतात आणि माझं तोंड बघून पुढे जातात. मी काहीच बोलत नाही. मी काहीच बोलत नाही, हीच त्यांना मोठी भीती वाटत असणार.

तू हिंजवडीजवळच्या माणची. लग्न होऊन आलीस तेव्हा शेतं होती, नंतर त्यांच्यावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मी लातूरकडची, हिंजवडीत भाड्याने राहणारी. तू बसमध्ये पहिली चढायचीस आणि माझ्यासाठी सीटवर डबा ठेवायचीस. हिंजवडीच्या ट्रॅफिकला सगळं जग शिव्या देतं. आपण दोघी बहुधा एकट्याच असू, ज्यांनी त्या ट्रॅफिकमध्ये बी.ए.चा अभ्यास केला. बस जितकी अडकेल तितका धडा पुढे सरकायचा. एकदा रस्ता चुकून मोकळा मिळाला तर तू वैतागून म्हणालीस, "आज न्हाई हुत अभ्यास. फार पळतीया बस."

हे सगळं सुरू कशामुळे झालं ते तू कुणाला सांगितलं नाहीस. मी सांगते. मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, हे तुला माहीत आहे.

दरवर्षी कंपनी आपल्याकडून माहितीचा फॉर्म भरून घ्यायची. तुझं अक्षर गोल, ठसठशीत, चौकट भरून टाकणारं. फक्त 'शिक्षण' या चौकटीत ते मुंगीएवढं व्हायचं. 'आठवी.' मी शेजारी 'नववी' लिहायचे आणि तुझ्याहून एक यत्ता जास्त शिकल्याचा तोरा मिरवायचे. त्या वर्षी तुझ्या हाताखाली शिकलेली एक पोरगी लाइन लीडर झाली. चांगली पोर होती. वायरच्या टोकाला बसवलेली पिन नखाने चाचपून सैल आहे की नाही ते कसं ओळखायचं, हे तूच तिला तीन महिने शिकवलं होतंस. तिने फॉर्म गोळा करताना तुझा वाचला आणि भाबडेपणाने विचारलं, "मावशी, आठवीच? मग तुम्हाला एवढं सगळं कसं कळतं?"

तू हसलीस. मग दिवसभर प्रत्येक पिन दोनदा चाचपलीस.

दुसऱ्या दिवशी वाकडच्या पुलाखाली बस अडकली. तू खिडकीबाहेर बोट केलंस. भिंतीवर चिकटवलेला एक कागद होता, अर्धा फाटलेला. तू वाचून दाखवलंस. दहावी-बारावी नसली तरी चालेल, आधी पूर्वतयारीची परीक्षा द्यायची, ती पास झालं की मुक्त विद्यापीठात थेट बी.ए.ला प्रवेश.

"निमे, वय त्रेचाळीस आहे आपलं," मी म्हणाले.

"मंग कधी करायचं? चव्वेचाळीसला?"

मी बसमध्ये उभी राहिले आणि जाहीर केलं की लाइन क्रमांक तीनच्या दोन कुमारिका उच्च शिक्षणासाठी प्रस्थान ठेवत आहेत. तू माझा कुर्ता ओढून मला खाली बसवलंस. खरं सांगू? मी गंमत म्हणूनच आले होते तुझ्याबरोबर. दोन रविवार जाऊ, चार किस्से गोळा करू, मग सोडून देऊ, असा माझा हिशेब होता. तू मात्र पहिल्या रविवारी कपाटातली ठेवणीतली साडी नेसून आलीस.

एका शाळेत भरणाऱ्या अभ्यासकेंद्राच्या गेटवरच्या वॉचमनने आपल्याला अडवलं, आठवतं? "ताई, पालकांची मीटिंग पुढच्या रविवारी." तू लाजून मागे वळलीस. मी म्हणाले, "दादा, आम्ही पालक नाही. आम्हीच वाया गेलेली पोरं आहोत, आत घ्या." त्याने दोघींना नीट न्याहाळलं आणि गेट उघडलं. आत आपल्या बाकावर तुझे पाय जमिनीला पुरत होते आणि गुडघे बाकाला अडत होते. तू दोन्ही हात मांडीत घेऊन बसलीस. फळ्यावर मॅडमनी तारीख लिहिली, तर तू तीसुद्धा उतरवून घेतलीस.

घरी तुझ्या सासूने काय केलं ते तू मला रोज हप्त्याहप्त्याने सांगायचीस. आत्याबाई म्हणायचीस तू त्यांना. पुस्तक हातात दिसलं की त्यांची आरती सुरू, "आगं ए कालेजवाली, च्या ठिवतीस का त्योबी पुस्तकात बघून?" शेजारणींना सांगायच्या, "गनपाची बायकू शिकाया लागलीया. आता ह्या वयात काय कलेक्टर व्हनार का?" तुझ्या नवऱ्याच्या नावाशिवाय त्या तुझा उल्लेख करत नसत. तू मोठ्याने वाचायचीस, कारण तुला मनात वाचून लक्षात राहायचं नाही. त्या डाळ निवडत समोर बसायच्या आणि मध्येच ओरडायच्या, "हळू वाच, कान फाटलं." पण उठून जात नसत. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी नुसती हसले होते. उठून जात नसत, हे तेव्हा मला ऐकू आलंच नाही.

आपल्या दोघींच्या अभ्यासाची जातकुळीच वेगळी. तू प्रश्नाची चेकशीट करायचीस. प्रश्नात चार गोष्टी विचारल्यात ना, मग उत्तरात चार खुणा झाल्याच पाहिजेत. मी उत्तरात रंग भरायचे. ग्रामीण समाजावरच्या प्रश्नात मी माझ्या मामाच्या लग्नातलं भांडण तीन पानं लिहिलं होतं. मॅडमनी शेरा दिला, 'उत्तर रंजक आहे. प्रश्न वेगळा होता.' तू तो शेरा दोन वर्षं पुरवून वापरलास. मी बसमध्ये फार फाटे फोडायला लागले की म्हणायचीस, "छाये, प्रश्न वायला हाय."

तू नसतीस तर मी पूर्वतयारीलाच गळाले असते, निमे. मला प्रश्न वाचायला तू शिकवलंस. आणि मी तुझ्यासाठी काय केलं, ते आता लिहायचंच आहे.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या आधी कंपनीत मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. महिनाभर एकच घोकंपट्टी चालली होती. चेकशीटवर चूक झाली तर गिरवायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही. एकच आडवी रेघ, आतला मजकूर वाचता आला पाहिजे आणि शेजारी सही. म्हणजे चूक कुणाची आणि दुरुस्ती कुणाची ते कळतं. तुझं टेबल शेवटचं, म्हणून तुलाच सगळ्यात जास्त रगडलं. तू झोपेतसुद्धा रेघ मारून सही करत असशील, असं मी म्हणायचे.

समाजशास्त्राचा पेपर त्याच आठवड्यात आला. बाहेर आलीस तेव्हा खुशीत होतीस. म्हणालीस, "सात ठिकानी खाडाखोड झाली, पन नीट केली. येक रेघ, बाजूला सही."

मी काय केलं? टाळ्या वाजवल्या. "वा! ऑडिट पास!"

उत्तरपत्रिकेच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं की आत कुठेही नाव, सही, ओळख पटेल अशी खूण करायची नाही. पहिल्या वर्षी आपण ते दोघींनी वाचलं होतं. नंतर परत कोण वाचतं? तुझ्या हाताने मात्र नेहमीचं काम चोख केलं. सात चुका, सात रेघा, सात सह्या.

निकाल फोनवर आला तेव्हा बस चिखलीपाशी होती. मी माझं नाव आधी पाहिलं. मी 'पास!' म्हणून किंचाळले, अख्ख्या बसने टाळ्या वाजवल्या, कुणीतरी लाडूचा डबा उघडला. मग तू तुझा फोन माझ्यापुढे धरलास. बाकी सगळे विषय पास. समाजशास्त्रापुढे 'राखीव'. तू विचारलंस, "राखीव म्हंजी चांगलं का वाईट?" माझ्या तोंडात लाडू होता.

मॅडमनी समजावून सांगितलं. असे पेपर बाजूला काढतात, खुलासा मागतात, अर्ज करा, काय झालं ते सरळ लिहा. सरळ लिहा, म्हणाल्या होत्या त्या. मी ऐकलं असतं तर!

"घरी सांगितलंस?" मी विचारलं.

"आत्याबाईंना सांगितलं. रेघ काय, सही काय, समदं सांगितलं."

"मग? टोमणा?"

"न्हाई. च्या प्याल्या. कप निस्ता हातात धरून बसल्या."

अर्ज लिहायचं काम मी अंगावर घेतलं. लिहायचं म्हटलं की मला रंग भरल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये उभी राहून मी तो वाचून दाखवला, डोळे पुसत, गळा काढत. 'मी एक अशिक्षित, गरीब, कष्टकरी महिला असून अज्ञानापोटी माझ्या हातून हा प्रमाद घडला आहे, तरी मायबाप विद्यापीठाने…' बायका हसत होत्या. एक-दोघींच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मी तुझ्याकडे पाहिलं. डबा मांडीवरच होता.

तू हात पुढे केलास. कागद घेतलास. पर्समधून पेन काढलंस आणि 'अशिक्षित' या शब्दावर एक आडवी रेघ मारलीस. सरळ, पट्टीने मारल्यासारखी, आतला शब्द वाचता येईल अशी. आणि शेजारी सही केलीस.

"चार वर्सं घातली ह्यो शब्द खोडायला," तू म्हणालीस, "आन तूच परत लिवतीस?"

"अगं, लिहायची रीत असते तशी. त्यांना दया आली की निकाल सोडतील."

"दया नकू. चुकले, तर चुकले लिव. अडानी हाय म्हनून चुकले, असं न्हाई. शिकलेली मानसं चुकत न्हाईत व्हय?"

"निमे, हट्ट सोड. गरज तुला आहे."

"न्हाई पाठवायचा ह्यो कागद."

आणि मग मी ते बोलले. रागाने नाही, त्याहून वाईट. माझा प्रयोग पडला होता म्हणून बोलले. "मग बस तशीच. मी तर पास झाले."

तू डबा बंद करायला घेतलास, झाकण माझ्या सीटवर होतं, ते तिथेच ठेवलंस आणि उठून मागच्या सीटवर जाऊन बसलीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस. मला वाटलं, रुसली. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मनात म्हटलं, आपणही काही कमी नाही, बघू कोण आधी बोलतं. चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, तिला ताप आहे, रजा टाकलीय. मी म्हटलं, बरं झालं, डोकं थंड होईल. फोन हातात घेऊन मी मोठी मजेदार सूचना रचत होते, 'सर्व रुसलेल्या कर्मचाऱ्यांना कळवण्यात येते की…' ती पुरती जमेना, म्हणून पाठवली नाही. मला शेवटची ओळ जोरदार हवी होती. तू तेव्हा दवाखान्यात होतीस. डेंग्यू. प्लेटलेट खाली जात होत्या आणि मी ओळ जुळवत होते.

नवव्या दिवशी बस माणला थांबली, पण कुणी चढलं नाही. माझ्या थांब्यावर मी चढले तेव्हा ड्रायव्हरने गाणी बंद ठेवली होती. म्हणाला, "ताई, बसून घ्या आधी."

मी खूप बोलते, निमे, सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या नऊ दिवसांत बोलायला हवं होतं तेच नऊ दिवस मी गप्प राहिले. तू मला माफ केलं असतंस की नाही, यावर मी स्वतःशी रोज वाद घालते. कधी वाटतं, तू दुसऱ्याच दिवशी सीटवर डबा ठेवला असतास. कधी मागच्या सीटवरचा तुझा चेहरा आठवतो. त्यावर राग नव्हता, तोच तर त्रास आहे. तपासणीत एखादा माल बाद ठरला की तू तो असाच शांतपणे बाजूला ठेवायचीस.

तो अर्ज माझ्या पर्समध्ये होता. तुझ्या रेघेसकट, तुझ्या सहीसकट. तो पाठवायचा की फाडायचा, की नव्याने साफ लिहायचा, हे मला ठरवता येत नव्हतं. तूच म्हणाली होतीस, पाठवायचा नाही. आणि आता निकाल सुटून तरी कुणाच्या हातात पडणार? काल मी तो मॅडमकडे दिला. गळा काढलेला सगळा मजकूर मी खोडला, प्रत्येक ओळीवर एकच रेघ, शेजारी माझी सही. खाली तुझ्या सांगण्याप्रमाणे सरळ लिहिलं, की कंपनीतल्या सवयीने हात चालला, पहिलं पान पुन्हा वाचायला हवं होतं, ते वाचलं नाही. तुझ्या रेघेला मी हात लावला नाही. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "पाठवते मी. जसा आहे तसा." उत्तर यायचंय.

माझं मन कशाने वळलं ते सांगते. तू तिथे असतीस तर डबा तोंडावर धरला असतास, का रडली असतीस, मला खरंच कळत नाही.

तुझा दशक्रिया विधी मुळा नदीच्या काठी झाला. कावळा पहिल्या मिनिटाला शिवला. तू कधीच कुणाला ताटकळत ठेवलं नाहीस. मग तुमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे माइक आला आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. फ्लेक्सवर ज्यांच्या नावाआधी 'भावी' लिहिलेलं असतं, असे एक भाऊ उठले. पांढरेशुभ्र कपडे, जड आवाज. ते तुला ओळखत नव्हते. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर तुझं नाव होतं, ते दोनदा वाचून त्यांनी सुरुवात केली. "माउली होत्या त्या. कंपनीत राबल्या, संसार उभा केला. शिक्षणाचा गंधही नसताना…"

निमे, मी पुढच्याच रांगेत होते. इतकी वर्षं बसमध्ये खोटा माइक धरून बोलले, आज खरा माइक चार हातांवर होता. उठायचं आणि त्या वाक्यावर एक रेघ मारायची, एवढंच काम होतं. पर्समध्ये तुझा कागद होता, त्यावर माझा हात होता. पण मी उठले नाही. माझ्याच अर्जातला शब्द तो माणूस वाचतोय, असं मला वाटलं. मी मान खाली घातली.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आत्याबाई उठल्या. डोक्यावरचा पदर घसरलेला, एक हात गुडघ्यावर. तुझ्या नवऱ्याने "आये, बस खाली" म्हणून त्यांचा दंड धरला. त्यांनी तो झटकला आणि माइकशिवाय, अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या,

"ए भाऊ, थांब! गंध न्हाई म्हंजी? बी.ए. झालीया माझी सून, येकच पेपर अडाकलाय तिचा! आन त्योबी का, तर चुकली तिथं सही करून आली म्हनून! तू केलीयास का रं कवा?"